पोलीस ठाण्यातला कागद हवाय : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

पोलिसांकडे माहिती अधिकारात अर्ज करतं तरी कोण? आमच्याकडे ठाण्यात गेलं की ‘हे सगळे ब्लॅकमेलवाले’ असंच ऐकायला मिळतं.
— एक वाचक, सांगली

अर्जदार काय करतो, त्याला माहिती कशासाठी हवी, हे विचारायची मुभाच कायद्याने ठेवलेली नाही. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ च्या कलम ६(२) नुसार संपर्कापुरते तपशील सोडून दुसरं काही विचारता येत नाही. त्यामुळे ‘कोण’ची नोंद रजिस्टरात सापडत नाही, ती अर्जाच्या विषयावरूनच कळते.

तिथे सगळ्यात जास्त दिसतो तो तक्रारदार. अर्ज दिला, पोच घेतली, पुढे काहीच झालं नाही, असा माणूस. त्याच्यामागे कोर्टात भांडण चालू असलेले येतात : जमिनीचा वाद, भाऊबंदकी, नवरा-बायकोचं फाटलेलं. यांच्या अर्जाची भाषा वकिलाची असते आणि सही अशिलाची. मग पोलीस भरतीत एक-दोन गुणांनी राहिलेली मुलं, अपघाताच्या दाव्यासाठी कागद गोळा करणारी कुटुंबं, पासपोर्टची पडताळणी अडकलेले. आणि बाहेरच्यांना आश्चर्य वाटेल, पण खुद्द पोलीसही. बदली, ज्येष्ठता यादी, विभागीय चौकशीची कागदपत्रं, सरकारी निवासस्थानाची प्रतीक्षा यादी या गोष्टी वरिष्ठाला तोंडी विचारण्यापेक्षा दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावणं अनेक अंमलदारांना सोपं वाटतं.

कार्यकर्ते आणि पत्रकार संख्येने फार नाहीत, पण बातमी त्यांच्याच अर्जांची होते. क्रिकेट सामन्यांच्या बंदोबस्ताचं मुंबई पोलिसांचं थकलेलं शुल्क अशाच अर्जांतून चव्हाट्यावर आलं.

ब्लॅकमेलसाठी अर्ज करणारे नाहीतच, असं आम्ही म्हणणार नाही. एखाद्या बांधकामावर किंवा बारवर पोलिसांनी काय कारवाई केली ते विचारायचं आणि उत्तर हातात पडलं की मालकाकडे जायचं, हा उद्योग चालतो. पण खंडणी हा स्वतंत्र गुन्हा आहे, त्यासाठी वेगळं कलम आहे. त्या संशयापोटी तुमच्या अर्जाला ‘कारण नमूद करा’ असं उत्तर देणं बेकायदेशीर ठरतं.

तीन महिन्यांपूर्वी ठाण्यात लेखी तक्रार दिली. ‘आपण माझ्या तक्रारीवर गुन्हा का दाखल केला नाही?’ असा अर्ज माहिती अधिकारात केला. उत्तर आलं : ‘प्रश्नार्थक स्वरूपाची माहिती देता येत नाही.’ हे बरोबर आहे का?
— एक वाचक, नगर

बरोबर आहे, आणि नेमके सगळ्यात जास्त अर्ज इथेच वाया जातात. मुंबई उच्च न्यायालयाच्या पणजी खंडपीठाने २००८ मध्ये सेल्सा पिंटो प्रकरणात म्हटलं की, ‘का’ या प्रश्नाचं उत्तर म्हणजे समर्थन, ती ‘माहिती’ नव्हे. नोंदीत जे आहे ते मिळतं, कारणमीमांसा लिहून मिळत नाही. मात्र ती कारणमीमांसा कुणी टिपणीत लिहून ठेवली असेल, तर ती टिपणी हा कागद आहे, आणि कागद मागता येतो.

म्हणून ‘का’ सोडा, तुमच्या अर्जाचा प्रवास मागा. मजकूर साधारण असा ठेवा :

‘दिनांक अमुक रोजी आपल्या ठाण्यात दिलेल्या माझ्या तक्रार अर्जाबाबत (आवक क्रमांक अमुक, पोच सोबत) पुढील कागदपत्रांच्या प्रती द्याव्यात : अर्जाची आवक रजिस्टरमधील नोंद, तो चौकशीसाठी ज्या अधिकाऱ्याकडे सोपवला, त्याचं नाव व पदनाम दर्शवणारी नोंद, चौकशीत घेतलेले जबाब, टिपण्या व पत्रव्यवहार, चौकशी अहवाल, अर्ज दप्तरी दाखल केला असल्यास तसा आदेश. कालावधी : तक्रारीच्या तारखेपासून माहिती देण्याच्या तारखेपर्यंत.’

एवढं बास. (‘दप्तरी दाखल’ म्हणजे पुढे काही न करता बंद केलेला.) महाराष्ट्राच्या नियमांत २०१२ पासून एका अर्जात एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे. तक्रारीचा पूर्वेतिहास, साहेबांचं वागणं, पंतप्रधानांना पाठवलेली प्रत, हे सगळं अर्जात घातलंत तर शब्दमर्यादेचं आयतं कारण त्यांच्या हाती जातं. आवक क्रमांक नसेल तर तारीख, तक्रारीचा विषय आणि गैरअर्जदाराचं (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याचं) नाव लिहा. ‘माझ्या तक्रारीबाबत’ एवढंच लिहिलं तर ‘अर्जात बोध होत नाही’ हे उत्तर ठरलेलं.

अर्ज परिशिष्ट ‘अ’ च्या नमुन्यात करा आणि दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावा. दारिद्र्यरेषेखालील असाल तर फी नाही, पण दाखल्याची प्रत जोडावी लागते. अर्ज कुणाच्या नावे करायचा तेही पाहून घ्या. ठाण्याचे निरीक्षक हेच जन माहिती अधिकारी (माहिती अर्जांना उत्तर द्यायला नेमलेले) असतील असं धरून चालू नका. मुंबईत ठाण्यांसाठी हे काम सहायक पोलीस आयुक्त पाहतात आणि पहिलं अपील उपायुक्तांकडे जातं. जिल्ह्यांत ही रचना वेगळी असू शकते. ठाण्यात लावलेला फलक किंवा पोलीस दलाच्या संकेतस्थळावरची कलम ४ खालची (कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायची) माहिती पाहा. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेलाच, तर कलम ६(३) प्रमाणे पाच दिवसांत तो योग्य जागी पाठवणं त्यांचं काम आहे. राज्य शासनाच्या ऑनलाइन पोर्टलवरूनही अर्ज करता येतो. मात्र यादीत तुमचं पोलीस कार्यालय दिसतंय, याची खात्री करून मगच पैसे भरा.

अर्ज मिळाल्यापासून ३० दिवस मोजायचे. मध्येच ‘४६ पानांचे ९२ रुपये भरा’ असं पत्र आलं (पानाला २ रुपये), तर ते पत्र रवाना झाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजणीतून वगळले जातात. हे पत्र खिशात ठेवून ३० दिवस संपायची वाट पाहणारे बरेच असतात. मग अपिलात ‘अर्जदाराने शुल्क भरलं नाही’ एवढ्यावर निकाल लागतो. पत्र मुदत उलटल्यावर आलं असेल, तर कलम ७(६) खाली प्रती फुकट मिळायला हव्यात. तसं एका ओळीत लिहून कळवा.

उत्तर नाही, किंवा पटत नाही, तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा, २० रुपयांचा स्टँप लावून. त्याचा निकाल ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत अपेक्षित असतो. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील. आयोगाकडे तुंबलेली प्रकरणं इतकी आहेत की तारखेची वाट लांब असते. म्हणून पहिल्या अपिलाची सुनावणी हलक्यात घेऊ नका, प्रत्यक्ष जा. मागितलेला प्रत्येक कागद फाईलमध्ये आहे की नाही, याचं उत्तर समोरासमोर घ्या आणि ते आदेशात लिहायला लावा. बरेच कागद याच टप्प्यावर सुटतात, कारण दंड (दिवसाला २५० रुपये, कमाल २५,०००) हा जन माहिती अधिकाऱ्याच्या स्वतःच्या खिशातून जायचा असतो आणि वर बसलेल्याला ते ठाऊक असतं.

एक मात्र लक्षात ठेवा. या सगळ्यातून गुन्हा दाखल होणार नाही. त्यासाठी रस्ता वेगळा : पोलीस अधीक्षकांना किंवा आयुक्तांना टपालाने तक्रार पाठवायची आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जायचं. माहिती अधिकारात मिळालेला ‘अर्ज दप्तरी दाखल’ हा कागद तिथे तुमच्या उपयोगी पडतो.

एफआयआरची प्रत मागितली तर ‘तपास चालू आहे, कलम ८(१)(ज)’ असं छापील उत्तर आलं.
— एक वाचक, कल्याण

आधी हे सांगा, तुम्ही त्या गुन्ह्यात कोण? फिर्यादी किंवा पीडित असाल तर माहिती अधिकाराची गरजच नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(२) नुसार प्रत तिथल्या तिथे आणि विनामूल्य द्यायची असते. तपास कुठवर आला, हेही ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणं कलम १९३ खाली बंधनकारक आहे. आरोपीला दोषारोपपत्राच्या प्रती कोर्टामार्फत मिळतात.

तिऱ्हाईत असाल तर आधी महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर बघा. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युथ बार असोसिएशनच्या प्रकरणात एफआयआर २४ तासांत संकेतस्थळावर टाकायचे आदेश दिले आहेत. लैंगिक अत्याचार, पोक्सो, दहशतवाद अशा संवेदनशील गुन्ह्यांचे मात्र तिथे दिसणार नाहीत. दोषारोपपत्राचं तसं नाही. ते संकेतस्थळावर टाकता येणार नाही, असं त्याच न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये सांगितलं.

आता त्या छापील उत्तराबद्दल. कलम ८(१)(ज) म्हणतं की, माहिती दिल्याने तपासाला, आरोपीला पकडण्याला किंवा खटला चालवण्याला *अडथळा येणार असेल* तर ती नाकारता येते. तपास ‘चालू आहे’ एवढं त्याला पुरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात हे स्वच्छ मांडलं : अडथळा कसा येईल, ते अधिकाऱ्याने दाखवलं पाहिजे. अपिलात हाच मुद्दा घ्या, आणि कलम १० जोडून म्हणा की जो भाग देता येत नाही तो झाकून उरलेला द्या. साक्षीदारांची नावं आणि खबऱ्याची ओळख मिळणार नाही. ते योग्यच आहे, कलम ८(१)(छ) त्यासाठीच ठेवलंय. तपासी अंमलदाराची केस डायरी (तपासाची रोजची नोंद) मागायच्या फंदात पडू नका. स्टेशन डायरीतली (ठाण्यातल्या रोजच्या घडामोडींच्या वहीतली) विशिष्ट तारखेची, विशिष्ट वेळेची नोंद मात्र जरूर मागा.

भावाला काल रात्री घरातून घेऊन गेलेत. माहिती अधिकारात ४८ तासांत उत्तर मिळतं म्हणे.
— एक वाचक, धुळे

जीविताचा आणि स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर ४८ तासांची तरतूद आहे खरी, पण इथे ती वापरत बसू नका. अटक केलेल्याला २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करावं लागतं, म्हणजे तुमचा अर्ज पोचेपर्यंत ती मुदत संपलेली असेल. जिल्हा नियंत्रण कक्षाला फोन करा. अटक केलेल्यांची माहिती ठेवायला प्रत्येक ठाण्यात आणि जिल्ह्यात अधिकारी नेमलेला असला पाहिजे. त्याच वेळी वकील गाठा. ठावठिकाणाच लागत नसेल तर उच्च न्यायालयात हेबियस कॉर्पस, म्हणजे माणसाला कोर्टासमोर हजर करा अशी याचिका.

अपघातात वडील गेले. मोटार अपघात दाव्यासाठी ठाण्यातून कागद मिळत नाहीत.
— एक वाचक, सोलापूर

इथेही माहिती अधिकार हा दुसऱ्या नंबरचा मार्ग. १ एप्रिल २०२२ पासून लागू असलेल्या केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे तपासी अधिकाऱ्याने पहिला अपघात अहवाल ४८ तासांत, अंतरिम अहवाल ५० दिवसांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत दावा न्यायाधिकरणाकडे द्यायचा असतो. आधी न्यायाधिकरणाच्या कार्यालयात जाऊन हे अहवाल आलेत का ते विचारा. आले नसतील तर मग माहिती अधिकारात अर्ज करा, आणि त्यात एफआयआर, घटनास्थळ पंचनामा, मरणोत्तर पंचनामा, वाहनाची व परवान्याची कागदपत्रं यांच्यासोबत ‘हे तीन अहवाल न्यायाधिकरणाकडे सादर केल्याची जावक नोंद’ही मागा. जावक नोंदच नाही म्हटल्यावर काम पुढे सरकतं.

ठाण्यात मारहाण झाली. सीसीटीव्ही फुटेज मागितलं तर ‘कॅमेरा नादुरुस्त’ असं उत्तर.
— एक वाचक, नागपूर

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीरसिंग सैनी प्रकरणात ठाण्यांतलं चित्रीकरण १८ महिने जपायला सांगितलं आहे. तेवढी साठवण शक्य नसेल तर जमेल तेवढं, पण वर्षापेक्षा कमी नाही. कागदावर असं असलं तरी फुटेज पुसलं जाण्याची भीती असतेच. म्हणून माहिती अर्जाच्या आधी, घटनेच्या दोन-चार दिवसांतच, ठाण्याला आणि अधीक्षकांना ‘अमुक तारखेचं, अमुक वेळेचं चित्रीकरण जतन करावं’ असं पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. चौकातल्या कॅमेऱ्याचं चित्रीकरण हवं असेल तर ही घाई आणखी महत्त्वाची, कारण ते इतके दिवस ठेवलेलंच नसतं. ३० दिवसांनी उत्तर यायचं आणि तोवर त्यावर नवं चित्रीकरण झालेलं असायचं.

अर्जात वेळेची खिडकी अरुंद ठेवा. ‘दिनांक अमुक, रात्री ११ ते ११.४५, ठाणे अंमलदार कक्ष व लॉकअपसमोरील मार्गिका’ असं लिहा. दिवसभराचं मागितलं की इतर लोकांच्या खासगीपणाचं कारण पुढे येतं.

‘कॅमेरा नादुरुस्त’ हे उत्तर म्हणजे शेवट समजू नका. दुसरा अर्ज करा आणि त्या कॅमेऱ्याच्या बिघाडाची तक्रार कुणी, कधी केली त्याची नोंद, देखभाल करणाऱ्या कंपनीशी झालेला पत्रव्यवहार, दुरुस्तीची तारीख आणि त्या महिन्याचा देखभाल अहवाल मागा. कॅमेरा खरंच बंद असेल तर कागद असतील. कागदच नसतील, तर ते मानवी हक्क आयोगापुढे किंवा कोर्टात तुमच्या बाजूने बोलतात.

पोलीस शिपाई भरतीत मैदानीत गुण कमी दिलेत असं वाटतं. माझ्या पुढच्या उमेदवाराचे गुण व कागदपत्रं मागू का?
— एक वाचक, बीड

स्वतःचं सगळं मागा : धावण्याच्या वेळेची नोंद, गोळाफेकीच्या अंतराची नोंद, तुमची सही असलेलं मैदानी गुणपत्रक, लेखी परीक्षेच्या उत्तरपत्रिकेची प्रत, उत्तरतालिका. स्वतःची उत्तरपत्रिका मिळवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंदोपाध्याय प्रकरणात मान्य केला आहे. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र अडचण वाढली आहे. वैयक्तिक माहितीचं कलम ८(१)(ञ) डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायद्याने बदललं आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. पूर्वी त्या कलमातच व्यापक जनहिताची अट होती. आता ‘वैयक्तिक माहिती’ म्हटलं की नकार देता येतो. कलम ८(२) मधला जनहिताचा दरवाजा शिल्लक आहे, पण तो उघडायचा असेल तर अपिलात नीट मुद्दे मांडावे लागतील. तोवर प्रवर्गनिहाय कटऑफ आणि प्रसिद्ध झालेली निवड यादी यांवर भर द्या.

हाच नियम, शेजाऱ्यावर किती गुन्हे आहेत किंवा एखाद्या हवालदाराची विभागीय चौकशी कुठवर आली, असं विचारणाऱ्यांनाही लागू आहे. अशी पत्रं आमच्याकडे बरीच येतात.

अर्ज केल्यावर ठाण्यातून एक अंमलदार घरी आला. ‘माहिती कशाला हवी, साहेबांनी जबाब घ्यायला सांगितलाय’ म्हणाला. काय करू?
— एक वाचक, रायगड जिल्हा

जबाब देऊ नका. माहिती अर्जासाठी जबाब घेण्याची तरतूदच नाही. त्याचं नाव आणि बक्कल नंबर टिपून घ्या, तारीख-वेळ लिहा, आणि त्याच दिवशी पहिल्या अपिलीय अधिकाऱ्याला पत्र पाठवून कलम ६(२) ची आठवण द्या. राज्य माहिती आयोगाकडे कलम १८ खाली तक्रारही करता येते. धमकी दिली असेल तर मात्र माहिती अधिकाराचा विषय तिथेच थांबवून वरिष्ठांकडे स्वतंत्र फौजदारी तक्रार करा.

ही भीती उगाच नाही. तळेगाव दाभाड्याचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा जानेवारी २०१० मध्ये खून झाला. संवेदनशील विषय असेल तर घरच्या पत्त्याऐवजी पोस्ट बॉक्स क्रमांक द्या. कोलकाता उच्च न्यायालयाने २०१३ मध्ये अर्जदारासाठी तो पुरेसा मानला आहे. शिवाय, एकाच विषयावर दोन-तीन वेगवेगळ्या लोकांनी अर्ज केले तर एकट्याच्या दारात कुणी उभं राहत नाही.

मी लंडनला असते. पुण्यातल्या बंद फ्लॅटमध्ये चोरी झाली. इथून अर्ज चालेल का? आणि इथल्या पोलिसांकडे असा अर्ज करता येतो का?
— एक वाचक, लंडन

भारतीय पासपोर्ट असेल तर चालेल. आपला कायदा ‘नागरिकांना’ हक्क देतो. ब्रिटिश नागरिकत्व घेऊन ओसीआय कार्डावर (भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांचं कार्ड) असाल तर हा हक्क राहत नाही. तशा वेळी फ्लॅटच्या सहमालकाने किंवा पुण्यातल्या एखाद्या नातेवाइकाने आपल्या नावाने अर्ज करावा. फिर्यादी तुम्ही स्वतः असाल तर मात्र एफआयआरची प्रत नागरिकत्व न बघता मिळाली पाहिजे.

इंग्लंडच्या पोलिसांकडे अर्ज करायला नागरिकत्वाची अट नाही, साताऱ्यात बसूनही करता येतो. तिथला कायदा २००० चा, अंमल १ जानेवारी २००५ पासून. खरं नाव आणि उत्तरासाठी पत्ता, ई-मेल चालतो. अर्जाला फी नाही, मुदत कामाचे २० दिवस. माहिती शोधायला १८ तासांहून जास्त, म्हणजे ४५० पौंडांवर खर्च येईल असं दिसलं तर ते नकार देऊ शकतात, म्हणून प्रश्न एका वर्षापुरता आणि एका विभागापुरता ठेवा. एक फरक मात्र आपल्याकडच्यांच्या लक्षात येत नाही. तिथे या कायद्याखाली दिलेलं उत्तर साऱ्या जगाला दिलं असं धरतात, त्यामुळे तुमच्या स्वतःच्या तक्रारीची कागदपत्रं त्यातून मिळणार नाहीत. त्यासाठी विदा संरक्षण कायद्याखाली स्वतःच्या माहितीचा वेगळा अर्ज करायचा, तोही सहसा विनाशुल्क, आणि उत्तराची मुदत एक महिना.